मुरगळलेले मनगट

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी, १५ जानेवारी २०२४ रोजी केलेले भाषण)



तिळगूळ घेऊन गोड बोलायच्या दिवशी मी दुखण्याखुपण्याचे बोलणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. अध्यक्षबाईंनी मला 'चार शब्द बोला' म्हणून सांगितले, तेव्हा मी पुष्कळ आढेवेढे घेतले. मी सातवीपर्यंत शिकलेली, पोळपाट-लाटण्याच्या राज्यात वावरणारी बाई. मी काय बोलणार? पण त्या म्हणाल्या, "तुमच्या हाताचे काय झाले तेच सांगा. आमच्यापैकी कुणाला ते माहीत आहे?" खरेच आहे. दीड वर्षापूर्वी ते मलाही माहीत नव्हते. तेव्हा माझ्या उजव्या हातावर जे गुदरले आणि त्यातून मला जे कळले, तेवढेच सांगते. डॉक्टरकीचा आव आणीत नाही.

११ जुलै २०२२ ची गोष्ट. आषाढी एकादशीचा दुसरा दिवस. पारण्याचा स्वयंपाक आटोपला होता आणि गच्चीवर पत्र्याखाली वाळत टाकलेले कपडे आणायला मी गेले होते. पावसाने जिन्यावर शेवाळ धरले होते. कपड्यांचा ढीग डाव्या हातावर, म्हणून खालची पायरी दिसली नाही. पाय सटकला आणि पडताना कुणीही करील तेच मी केले. उजवा हात पुढे टेकला. अंगाचा सगळा भार तळव्यावर आला, मनगट मागे वळले आणि आत काहीतरी 'कट्' झाल्यासारखे वाटले. उठले, कपडे गोळा केले आणि खाली येऊन पाने वाढली. आपण बायका असेच करतो, नाही का?

संध्याकाळी मनगट सुजले. सासूबाई म्हणाल्या, "मुका मार आहे गं, आंबेहळद उगाळून लाव." लावली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी आग्रह केला म्हणून गावातल्या एका दवाखान्यात गेलो. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "हाड मोडलेले नाही. मनगट मुरगळले आहे." घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. लवचिक पट्टी बांधून दिली, गोळ्या दिल्या आणि "दहा दिवसांनी दुखणे उरलेच तर परत या," असेही सांगितले. हे शेवटचे वाक्य मी ऐकले, पण मनावर घेतले नाही. डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी परत बोलावले होते. गेले नाही ती मी.

का गेले नाही? चातुर्मास लागला होता. मग श्रावणातले सोमवार, मंगळागौर, मग गौरी-गणपती. प्रत्येक वेळी मी म्हणे, "एवढे होऊ दे, मग जाईन." सूज उतरली होती, हात दिसायला नीट होता. त्यामुळे दुखते म्हणून सांगायचीही लाज वाटे. मोडलेले हाड असते तर प्लॅस्टर दिसले असते आणि शेजारपाजारच्यांनी विचारपूस केली असती. मुरगळलेल्या मनगटाला कोण विचारतो?

पण दुखणे गेले नव्हते. भाकरी थापताना मनगटाच्या पाठीवर, अगदी मधोमध, सुई टोचल्यासारखे होई. जमिनीवरून उठताना तळवा टेकला की डोळ्यांत पाणी येई. कपडे पिळताना आत खट् खट् वाजे. एकीने मालीश करणाऱ्या बाईंचे नाव सांगितले. त्यांनी तेल चोळून मनगट दोन्हीकडे जोराने फिरवले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. तरी मी आणखी दोनदा त्यांच्याकडे गेले. दुखले म्हणजे गुण येतो, अशी आपली समजूत असते.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगताना मला अजून बरे वाटत नाही. सप्टेंबर महिन्यात माझ्या धाकट्या मुलाच्या बोटाला क्रिकेटचा चेंडू लागला. त्याच संध्याकाळी मी त्याला घेऊन दवाखान्यात हजर. एक्स-रे, पट्टी, सगळे रात्री आठाच्या आत. परत येताना त्याने विचारले, "आई, तुझ्या हाताला दोन महिने झाले ना? तू का नाही दाखवत?" मी म्हटले, "बायकांचे हात दुखायचेच." भगिनींनो, हे मी माझ्या लेकाला शिकवले. उद्या त्याची बायको पडली, तर तोही तेच म्हणेल ना?

ऑक्टोबरात, दिवाळीच्या आठवड्यात, दुधाचे भरलेले पातेले उतरवताना माझ्या हातातली पकडच गेली. दूध ओट्यावरून खाली सांडले. नशीब बलवत्तर, ते उकळलेले नव्हते आणि जवळ लहान मूल नव्हते. त्या दिवशी हे म्हणाले, "आता पुरे. पुण्याला हाताच्याच डॉक्टरांना दाखवू." हातासाठी वेगळे सर्जन असतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले.

त्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहायच्या आधी माझा हात हातात घेतला. अंगठ्याच्या बाजूला एक हाड दाबून धरून मनगट हळूच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेले, तशी आत खट् झाली आणि मी ओरडले. मग त्यांनी दोन्ही हातांचे एक्स-रे काढवले, आणि तेही मूठ घट्ट आवळून. पडल्याच्या दुसऱ्या दिवशी काढलेला माझा एक्स-रे हात सैल ठेवून काढलेला होता. मूठ आवळली की मनगटातल्या हाडांवर दाब येतो, आणि आतले बंध तुटलेले असतील तर हाडे एकमेकांपासून फाकतात. डाव्या हातात दोन हाडे खेटून होती. उजव्या हातात त्यांच्यामध्ये चांगली फट दिसत होती. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट असली की लिगामेंट तुटल्याचा दाट संशय घेतात. इंग्लंडात टेरी-थॉमस नावाचा एक विनोदी नट होता, त्याच्या पुढच्या दोन दातांत फट होती. म्हणून एक्स-रेतल्या ह्या फटीला डॉक्टरमंडळी त्याचेच नाव देतात. दुखण्यातही मला हसू आले.

मी विचारले, "डॉक्टर, मग पहिल्या एक्स-रेत हाड मोडलेले नाही असे कसे म्हणाले?" ते म्हणाले, "ताई, ते खरेच म्हणाले. हाड मोडलेले नव्हतेच. तुटली आहे ती हाडे बांधणारी पट्टी, आणि ती एक्स-रेत दिसत नाही."

माझी मुलगी सायन्सला आहे. तिने मला नंतर सांगितले की जर्मनीत राँटगेन नावाच्या शास्त्रज्ञांनी १८९५ साली एक्स-रे शोधून काढले, तेव्हा त्यांनी डिसेंबरात आपल्या बायकोच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात बोटांची हाडे दिसतात आणि बोटातली अंगठी दिसते. बाकी हात नुसती सावली. म्हणजे पहिल्यापासूनच एक्स-रे हाड आणि धातू दाखवतो. त्यांना धरून ठेवणारे मऊ बंध दाखवत नाही. हातच्या काकणाला आरसा नको हे खरे, पण काकणाखाली काय तुटले आहे ते पाहायला मात्र आरसा लागतो, आणि तोही योग्य आरसा लागतो.

आता मनगटाची रचना मला जशी समजली तशी सांगते. आपल्याला वाटते, मनगट म्हणजे दाराच्या बिजागरीसारखा एक सांधा. तसे नाही. तिथे आठ लहान लहान हाडे दोन ओळींत बसवलेली आहेत. हाताच्या नळीकडच्या ओळीत अंगठ्याच्या बाजूला एक नावेच्या आकाराचे हाड आहे, त्याला स्कॅफॉइड म्हणतात. त्याच्या शेजारी चंद्रकोरीसारखे एक हाड आहे, ते ल्युनेट. मी आपली त्यांना नाव आणि चंद्रकोर म्हणते. गंमत अशी की ह्या दोन हाडांना थेट ओढून हलवणारा स्नायू नाही. शेजारची हाडे हलली की ती हलतात. मग ती जागेवर राहतात कशामुळे? तर लिगामेंटमुळे. पुस्तकी मराठीत त्याला अस्थिबंध म्हणतात. हाडाला हाडाशी बांधतो तो अस्थिबंध, आणि स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. नाव आणि चंद्रकोर ह्यांच्यामधला बंध इंग्रजी सी अक्षरासारखा वळलेला असतो आणि त्याचा मनगटाच्या पाठीकडचा भाग सर्वांत बळकट असतो. माझा तोच तुटला होता. म्हणूनच मनगटाच्या पाठीवर मधोमध दुखत होते.

हा बंध तुटला की नाव तळहाताकडे कलते आणि चंद्रकोर उलट दिशेला, मागे कलते. माळेतला दोरा तुटला तर मणी लगेच पडत नाहीत, पण जागेवरही राहत नाहीत, तसे. हाडे वाकडी बसून एकमेकांवर घासत राहतात. महिने जातात, वर्षे जातात आणि सांध्याची गादी झिजते. एकदा ती झीज झाली म्हणजे बंध शिवून उपयोग नसतो. मग दुखणे कमी करण्यासाठी काही हाडे काढून टाकावी लागतात किंवा काही एकमेकांना कायमची जोडून टाकावी लागतात. त्याने दुखणे थांबते, पण मनगटाचे वळणे बरेचसे जाते.

एम.आर.आय. काढला, त्यात तुटलेला बंध दिसला. मग डॉक्टरांनी मला जे सांगितले ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. ते म्हणाले, "ताई, पडल्यावर तीन-चार आठवड्यांत आला असतात, तर तुमचाच बंध तुम्हाला परत शिवून दिला असता. आता साडेचार महिने झाले. तुटलेली टोके आकसून विरून गेली आहेत. शिवायला काही उरलेले नाही. आता नवा बंध करावा लागेल."

शिवणकाम करणाऱ्या भगिनींना हे लगेच समजेल. कापड नुकते फाटले असेल तर कडेला कड लावून टाका घालता येतो. फाटलेले तसेच वापरत राहिले, कडा विरल्या, की ठिगळच लावावे लागते.

ऑपरेशनची तारीख २८ नोव्हेंबर २०२२ ठरली. मार्गशीर्ष नुकताच लागला होता. मी म्हटले, "गुरुवार संपू देत, मग करू." तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "गुरुवारची पूजा मी मांडीन. तू जा." सवाष्णीच्या हातातल्या बांगड्या काढायच्या म्हणून मला अवघड वाटत होते. त्यांनीच माझा हात साबणाने चोळून एकेक बांगडी उतरवली आणि म्हणाल्या, "बांगड्या पुन्हा भरता येतील. मनगट कुठल्या कासाराकडे मिळणार आहे?" खर्चाचेही सांगते, कारण तेही मनात असतेच. भिशीचे पैसे मी पाटल्यांसाठी साठवले होते. ते ह्यातच घातले. पाटल्या हातात नाहीत, पण हात आहे.

ऑपरेशनला मला पूर्ण झोपवले नाही. मानेजवळ इंजेक्शन देऊन सबंध हात बधिर केला. हात माझा, पण तो माझा वाटत नव्हता. आधी दुर्बिणीने आत पाहिले. बोटांना जाळीच्या नळ्या चढवून हात उभा टांगला, मनगटाच्या पाठीवर बारीक छिद्रे पाडली आणि एक बारीकशी दुर्बीण आत घातली. गादी झिजली आहे का, ते त्यातून पाहिले. झिजली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही." हे शब्द ऐकून मी मनातल्या मनात देवाला हात जोडले, म्हणजे एकच हात जोडला.

मग नवा बंध कसा केला? मूठ आवळून मनगट पुढे वाकवले की अंगठ्याच्या बाजूला कातडीखाली जी दोरी ताणून वर येते, ती एक कंडरा. तिची लांबट अर्धी चीर काढली. बाकीची अर्धी तिथेच राहिली, तिचे काम ती करते. चिरेचे हाताकडचे टोक तसेच जोडलेले ठेवले. नंतर नावेच्या हाडाला पुढून मागे आरपार बारीक भोक पाडले, त्यातून ती चीर ओवून मनगटाच्या पाठीकडे काढली, चंद्रकोरीवर ताणून बसवली आणि बारीकशा आकड्याने हाडात पक्की केली. परकराच्या नेफ्यात नाडी ओवतो ना, अगदी तसे. हाडे मूळ जागी आणून, ती हलू नयेत म्हणून दोन बारीक तारा घातल्या आणि वर प्लॅस्टर.

घरी आले तेव्हा वाटले, आता पडून राहायचे. पण नाही. हात उंच ठेवायचा आणि बोटे, कोपर, खांदा दिवसातून अनेकदा हलवायचे, अशी ताकीद होती. नाहीतर मनगटापायी सगळा हात आखडतो. आठ आठवडे तारा होत्या. जानेवारी २०२३ च्या अखेरीस त्या काढल्या, तेव्हा माझे मनगट लाकडासारखे झाले होते. मला रडूच कोसळले. मी फिजिओथेरपीच्या बाईंना म्हटले, "हेच होणार होते तर ऑपरेशन कशाला केले?" त्या म्हणाल्या, "खरे काम आता सुरू होते."

आणि तसेच झाले. आधी नुसते हलवणे, वजन काही नाही. त्यांनी पहिल्यांदा जी हालचाल शिकवली ती लग्नात अक्षता टाकतो तशी; मनगट अंगठ्याच्या बाजूने मागे घ्यायचे आणि करंगळीच्या बाजूला पुढे सोडायचे. त्या दिशेने हात फिरवला की त्या दोन हाडांमधल्या बंधावर ताण कमी येतो. मी दिवसातून पाच वेळा रिकाम्या हाताने अक्षता टाकी. घरातले हसत आणि म्हणत, "कुणाचे लग्न लावतेस?" तीन महिन्यांनी कणीक मळायला परवानगी मिळाली, तीही थोडीच. सहा महिने झाल्यावर पहिली भाकरी थापली. ती वाकडी झाली, पण घरात सगळ्यांनी मिळून तीच वाटून खाल्ली.

आज काय स्थिती आहे तेही खरे सांगते, नाहीतर ऑपरेशन म्हणजे जादू असे वाटायचे. उजवे मनगट डाव्याइतके वळत नाही आणि ते वळणारही नाही. पकड डाव्या हाताच्या मानाने पाऊण आहे. तळवा टेकून जमिनीवरून उठत नाही. मूठ टेकून उठते. भरलेला कुकर एका हाताने उचलत नाही. जड चादरी पिळत नाही. पण लिहिते, लाटते, भाकरी थापते, वेणी घालते, आणि रात्री दुखण्याने जागी होत नाही. प्रत्येकीला इतका गुण येईलच, असेही नाही. जखम पिकणे, मनगट आखडणे, कातडीला बधिरपणा येणे, नवा बंध पुढे सैल पडणे, हे सगळे होऊ शकते, असे डॉक्टरांनी मला आधीच बजावले होते.

आता दुसरी बाजू. आपल्या मंडळातल्याच एका भगिनींची सून ऑगस्ट २०२३ मध्ये स्कूटीवरून पडली. त्यांच्या परवानगीने सांगते. तिलाही एक्स-रेवरून 'हाड मोडलेले नाही' असेच सांगितले. पण माझे रामायण तिच्या सासूबाईंनी ऐकलेले होते. दहा दिवसांत दुखणे उतरले नाही, तशा त्या स्वतः तिला घेऊन पुण्याला गेल्या. मूठ आवळून एक्स-रे, एम.आर.आय., आणि तिसऱ्या आठवड्यात ऑपरेशन. तिचा तुटलेला बंध तसाच्या तसा होता. हाडात दोऱ्याचा बारीक आकडा बसवून त्याच दोऱ्याने तो जागेवर शिवला. तारा तिलाही घातल्या, प्लॅस्टर तिलाही होते, व्यायाम तिलाही करावे लागले. पण तिला ठिगळ लागले नाही. परवा ती माझ्याशेजारी बसून तिळाचे लाडू वळत होती. तिचे मनगट माझ्यापेक्षा कितीतरी मोकळे वळते. मी पाहत राहिले. मला हेवा वाटला नाही असे म्हणणार नाही. थोडा वाटला, आणि आनंद त्याहून जास्त वाटला.

ह्यावरून प्रत्येक मुरगळलेल्या मनगटाला ऑपरेशन लागते, असे कुणी समजू नका. पुष्कळ मनगटे पट्टीने आणि विश्रांतीने बरी होतात. बंध अर्धवट तुटलेला असेल तर आधार बांधून आणि व्यायामानेही निभते. ते ठरवणे डॉक्टरांचे काम. आपले काम एवढेच की वेळेवर जायचे. म्हणून मी शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

पडल्याबरोबर, सूज यायच्या आत, त्या हातातल्या बांगड्या आणि अंगठ्या काढा. मागाहून त्या रुततात आणि कापाव्या लागतात. हात उंच धरा, फडक्यात बर्फ गुंडाळून लावा. मालीश करू नका, कुणाला ओढू-फिरवू देऊ नका.

बोटांना मुंग्या येत असतील, ती बधिर होत असतील किंवा मनगट वाकडे दिसत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

एक्स-रे चांगला आला तरी दहा ते चौदा दिवसांनी दुखणे असेल, तर पुन्हा जायचेच. नावेच्या हाडाची बारीक चीरसुद्धा पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. दोन आठवड्यांनी दिसते.

आणि डॉक्टरांना नुसते 'दुखते' म्हणू नका. कुठे दुखते ते एका बोटाने दाखवा. तळवा टेकून उठताना दुखते का, पिळताना खट् वाजते का, हातातून वस्तू सुटते का, हे सांगा. मी पहिल्या वेळी 'थोडेसेच दुखते' म्हणाले होते. पडले कसे, तेही सांगितले नव्हते. आपले दुखणे लहान करून सांगायची आपल्याला सवय आहे, आणि समोरचा माणूस तेच खरे धरतो.

शेवटी सासूबाईंची गोष्ट सांगून संपवते. त्यांचे वय आता पंचाहत्तर आहे. त्या चहाचा कप नेहमी डाव्या हाताने धरतात. लग्न होऊन आल्यापासून मी पाहते आहे; मला वाटे, सवय असेल. माझे प्लॅस्टर निघाल्यावर एके दिवशी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या हातालाही तुझ्यासारखेच काही झाले असेल का गं?" लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्या विहिरीवर घागर घेऊन पडल्या होत्या. त्या दिवशीही त्यांनी पाणी भरले. कुणाला सांगितले नाही. सांगून काय होणार होते? आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले. एक्स-रेत मनगटाची पुष्कळ झीज दिसली, जुन्या मोडतोडीची असावी अशी. ह्या वयात मोठे ऑपरेशन त्यांना नको होते. डॉक्टरांनी मनगटाचा आधार दिला, औषध दिले. आता त्या तो आधार बांधून पोथी धरतात. पन्नासाहून अधिक वर्षे त्यांनी ते दुखणे अंगावर काढले, आणि आम्ही त्याला सवय म्हणत होतो.

भगिनींनो, माझ्या ऑपरेशननंतर सहा आठवडे आपल्या मंडळातून आमच्या घरी आळीपाळीने डबा येत होता. त्याचे उपकार मी कसे फेडू? डॉक्टरांनी हात जोडून दिला, पण तो जुळेपर्यंत माझे घर तुम्ही चालवलेत. म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्यापैकी कुणीही पडली, तर मंडळातल्या एकीने तिच्याबरोबर दवाखान्यात जावे, दहाव्या दिवशी पुन्हा विचारावे, आणि तिला मागे वळून घराकडे पाहावे लागू नये म्हणून डब्याची पाळी आधीच लावून ठेवावी. त्या यादीत पहिले नाव माझे लिहा. कुकर मी एका हाताने उचलणार नाही, दोन्ही हातांनी उचलीन. पण डबा वेळेवर पोहोचेल.

माझे बोलणे काही चुकले असेल तर सांभाळून घ्या. तिळगूळ घ्या, गोड बोला. पण हात दुखत असेल तर स्पष्ट बोला. एवढे सांगून आपली रजा घेते.